टेबलावरच राहू द्या

नमस्कार मंडळी. आज लायब्ररीबद्दल बोलणारे, पण ती संगमरवरी जिन्यांची, फोटो काढायला लोक जातात तसली नाही हां. एखाद्या छोट्या विद्यापीठाची असते ना, दोन मजले, एक वाचनकक्ष, देवघेवीचं काउंटर आणि मागे पुस्तकांचा स्टॅक, म्हणजे ओळीने लावलेली कपाटं, तसली. मी अशा जागी बरीच वर्षं काढलीयत त्यामुळे थोडी बाजू घेऊन बोलेन, चालवून घ्या.

अशा लायब्ररीत एक पाटी हमखास असते. वाचून झालेली पुस्तकं फळीवर ठेवू नयेत, टेबलावरच राहू द्यावीत. लोकांना वाटतं हे काय भलतंच, लहानपणापासून शिकवलं घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवा आणि हे लोक पसारा करा म्हणतायत. मग सज्जन माणसं पाटीकडे काणाडोळा करतात, पुस्तक उचलतात आणि फळीवर जिथे फट दिसेल तिथे खोचून देतात. झालं, पुस्तक गेलं. म्हणजे आहे इमारतीतच, कॉम्प्युटर सांगतो आहे, कुणी नेलेलं पण नाही, पण जागेवर नाही. आणि जागेवर नसलेलं पुस्तक सापडतं ते थेट साठा पडताळणीला, एकेक कपाट रिकामं करून तपासताना, तोपर्यंत ज्याला हवं होतं तो पोरगा पास होऊन गेलेला असतो.

आता जागा म्हणजे काय, तर कण्यावर चिकटवलेला तो आकडा. बऱ्याच लायब्ऱ्यांमध्ये तो मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाच्या दशांश पद्धतीचा असतो, १८७६ सालची पद्धत, ५०० म्हणजे विज्ञान, त्यातलं ५१० गणित, ८०० साहित्य. गंमत अशी की दशांश आपण शाळेत शिकतो आणि फळीपुढे उभं राहिलं की विसरतो. ५१२.५६ आधी की ५१२.६ आधी? दहातले सहा जण, हा माझा अंदाज हां, पटकन म्हणतात सहा आधी, छप्पन्न नंतर. नाही हो, ५१२.५६ आधी.

बाय द वे ही पद्धत काही फार न्यायी नाही. ८१० ला अमेरिकन साहित्य, ८२० ला इंग्रजी, असे ऐसपैस बंगले, आणि मराठी कुठे तर ८९१.४६, म्हणजे ८९० च्या चाळीतल्या एका खोलीत. एस. आर. रंगनाथन, मूळचे गणिताचे शिक्षक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्यांनाही हे तयार खण अपुरे वाटले आणि त्यांनी विषयाचे तुकडे जोडून नंबर तयार करायची आपली कोलन पद्धत काढली, १९३३ मध्ये. त्याआधी १९३१ ला त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले होते. त्यातला चौथा मला सगळ्यात जवळचा, वाचकाचा वेळ वाचवा. ती पाटी म्हणजे खरं तर हा चौथा नियमच आहे, फक्त जरा खाष्ट भाषेत लिहिलेला.

इमारतीचं थोडं सांगते. पुस्तकं जड असतात हे घर बदलताना सगळ्यांना कळतं, पण इमारत बांधताना विसरतात. एक मीटर भरलेली फळी तीस किलोच्या आसपास सहज जाते, एका कपाटाला अशा पाचसहा फळ्या, दोन्ही बाजूंनी, आणि अशी कपाटं ओळीने. म्हणून स्टॅकच्या खालची जमीन ऑफिसच्या जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त वजन पेलेल अशी धरावी लागते. उगाच कुठला तरी रिकामा हॉल दिसला आणि हलवली लायब्ररी तिकडे असं नाही चालत. कितीतरी विद्यापीठांमध्ये एक दंतकथा ऐकू येते, की आमची लायब्ररी दरवर्षी थोडी थोडी खचतेय कारण आर्किटेक्ट पुस्तकांचं वजन धरायला विसरला. बहुतेक ठिकाणी निव्वळ थाप असते, पण नवीन आलेल्यांना सांगायला मजा येते.

वजनापेक्षा मला भीती पाण्याची. वरच्या मजल्यावरचा नळ, गच्चीतली भेग, आणि हवेतला दमटपणा. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरायला लागते, कसर तर टपूनच असते. म्हणून सगळ्यात खालची फळी जमिनीला टेकवत नाहीत आणि कपाट भिंतीला चिकटवत नाहीत. शिवाय जुना, लाकडाच्या लगद्याचा कागद स्वतःच आम्लधर्मी, तो आतूनच पिवळा पडतो आणि कडा बिस्किटासारख्या तुटतात. जुन्या पुस्तकांचा तो छान वास येतो ना, तो कागद विरत असल्याचा वास आहे. सॉरी, मूड घालवला तुमचा.

संग्रहात छोटी लायब्ररी मोठीशी कधीच बरोबरी करू शकत नाही, आणि करू पण नये असं माझं मत. तिच्याकडे जे असतं ते दुसरीकडे मिळणं कठीण, तिथल्याच विद्यार्थ्यांचे प्रबंध, रिटायर झालेल्या प्राध्यापकांनी दिलेली पुस्तकं, समासात पेन्सिलीने भांडलेली, आणि नियतकालिकांचे बांधीव खंड. हे खंड टाकून द्या, सगळं ऑनलाइन आहे, असं मीटिंगमध्ये कुणीतरी दर वर्षी म्हणतं. अहो पण ऑनलाइन जर्नल म्हणजे बऱ्याचदा भाड्याचं घर, वर्गणी थांबली की कुलूप, करारात तशी सोय नसेल तर जुने अंकही गेले. बांधीव खंड आपला, एकदा घेतला की कुणी काढून नेत नाही.

आणि नसलेलं पुस्तक? ते दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतं, आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात त्याला, नाव फारच सरकारी आहे म्हणून कुणी विचारतच नाही बहुधा. काउंटरवर येऊन विचारा. निळ्या कव्हरचं होतं, लेखक आठवत नाही, एवढ्यावर पण आम्ही शोधतो, वैतागतो पण शोधतो.

बरं, पाटीचं दुसरं कारण राहिलंच. टेबलावर राहिलेली पुस्तकं संध्याकाळी आम्ही उचलतो तेव्हा मोजतो. घरी नेलेलं पुस्तक कॉम्प्युटरला कळतं, पण तिथेच बसून चाळलेलं कुणाला कळणार? संदर्भग्रंथ तर घरी देतच नाहीत, त्यांची साक्ष द्यायला टेबल सोडून दुसरं कुणी नाही. मग जागा कमी पडली की यादी निघते, वर्षानुवर्षं न वापरलेली पुस्तकं हलवा.

आमच्याकडे वनस्पती ओळखायचा एक जाडजूड ग्रंथ असाच यादीत आला, वापर शून्य, गेला आतल्या गोदामात. चौथ्या दिवशी एक सर तणतणत काउंटरवर, माझं पुस्तक कुठंय? म्हटलं सर, हे कुणी वापरतच नाही. म्हणे मी दर गुरुवारी वापरतो, आणि दर गुरुवारी स्वतःच्या हाताने नीट जागेवर ठेवतो! खरंच ठेवत होते हो, अगदी बरोबर जागेवर, दशांशासकट. आख्ख्या विद्यापीठात जागा न चुकवणारा एकच वाचक आणि त्याचंच पुस्तक आम्ही हलवलं.

आणलं परत. आता सर दर गुरुवारी तो ग्रंथ टेबलावर उघडाच टाकून जातात, अगदी मधोमध, मी बघतेय ना याची खात्री करून.