आत्याचा अंगठा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय 'मृत्युपत्राला आव्हान' असा छापलाय. कलमांकडे येतोच, पण आधी माझ्या आत्याचं सांगतो. तिच्यामुळेच मी हा विषय घेऊन गावोगाव फिरतो.

आत्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, चौथी शिकलेली. रोज दिवेलागणीला हरिपाठ वाचायची. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिनं स्वतःच्या हातानं नाव लिहिलेलं. सोसायटीच्या कागदावर सही, गॅसच्या पुस्तकावर सही. ती गेली. बाराव्याच्या पत्रावळ्या उचलायच्या आत तिच्या दिराच्या मुलानं पिशवीतून कागद काढला. रजिस्टर केलेलं विल! घर आणि दीड एकर भातशेती, सगळं त्याला. कागद कन्नडमध्ये, आणि खाली अंगठा.

माझी आतेबहीण निपाणीला असते. दर पंधरवड्याला बसनं आईची औषधं घेऊन यायची. तिला कन्नड वाचता येत नाही. शेजारचा कॉलेजातला पोरगा वाचायला लागला आणि दुसऱ्याच ओळीला अडला. लिहिलं होतं, 'ननगे मक्कळिल्ल'. मला मूलबाळ नाही. बहीण मटकन उंबऱ्यावर बसली. बाळंतपणात आत्या मरता मरता वाचली होती, हो!

माझा राग कन्नडवर नाही, हे आधीच सांगतो. आपल्या कितीतरी घरांत सुना कन्नड बोलतात आणि सासवा मराठीत उत्तर देतात, संसार छान चालतात. माझा प्रश्न एवढाच, की तो कागद तिला तिच्या भाषेत कुणी समजावून सांगितला का? साक्षीदाराला उलटतपासणीत हेच विचारलं. तो म्हणाला, कन्नडमध्ये वाचून दाखवला. तिला कन्नड येत होतं? 'बाजारापुरतं.' कोर्टात सगळे गप्प झाले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, आता नीट ऐका.

आपली माणसं पहिल्याच दिवशी 'फसवणूक झाली' म्हणून ओरडतात. भारतीय वारसा कायदा, 1925, कलम 61 प्रमाणं फसवणुकीनं, जबरदस्तीनं किंवा गळी पडून, म्हणजे नाही म्हणायची सोयच न ठेवता, करून घेतलेलं मृत्युपत्र रद्दच असतं. पण तसा आरोप केलात की तो शाबीत करणं तुमच्या गळ्यात पडतं, आणि कैफियतीत कोण, कधी, कसं हा तपशील द्यावा लागतो. तो खरोखर असेल तर जरूर द्या. मात्र नुसती सेवा केली, विनवणी केली, एवढ्यानं कुणी लबाड ठरत नाही.

त्याच्याआधी म्हणा, 'विल खरं आहे हे तू सिद्ध कर.' विल पुढं करणाऱ्यावरच तो भार असतो. सही किंवा अंगठा हवा, कलम 63 प्रमाणं किमान दोन साक्षीदार हवेत, आणि साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला कोर्टात उभं करावंच लागतं. रजिस्टर झालं म्हणून संशय धुतला जात नाही. सही येणाऱ्या बाईचा अंगठा, पोटच्या पोरीचा उल्लेख नाही, लाभ घेणाराच कागद करायला पुढं. असे संशय त्यानंच दूर करायचे. हे मी नाही, सुप्रीम कोर्ट म्हणतं, वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध तिम्माजम्मा, निकालांच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर' (एआयआर) या संग्रहात, 1959. खटला म्हैसूरचा, आणि निकाल लिहिला आपल्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. साताऱ्याचे, शिकले धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात.

आणखी दोन गोष्टी. तलाठ्याकडं हरकत देऊन घरी बसू नका. उताऱ्यावर नाव चढल्यानं किंवा न चढल्यानं विल खरंखोटं ठरत नाही, त्याला दिवाणी दावाच लागतो. आणि हक्क जाहीर करून मागायच्या दाव्याला मुदत 3 वर्षांची. शोक करण्यात ती घालवू नका.

बहिणीचं काय झालं, विचारताय? कोर्टानं ते विल मानलं नाही. तिनं आईचा हरिपाठ दाखल केला होता, सहीसाठी. आता तो निपाणीला तिच्या देवघरात आहे. पहिल्या पानावर वर आत्याचं नाव आणि खाली कोर्टाच्या निशाणीचा शिक्का.