चारचौघांत मांडलेला प्रश्न : प्राचीन ग्रीकांची ओळख

बालश्रोत्यांनो, नमस्कार.

आज आपण ज्या ग्रीक लोकांविषयी बोलणार आहोत, ते सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी आजच्या ग्रीस देशात, आसपासच्या बेटांवर आणि तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर राहत होते. त्यांचे एक राज्य नव्हते आणि सर्वांचा मिळून एक राजाही नव्हता. डोंगर आणि समुद्र यांनी तुकड्यातुकड्यांत वाटलेल्या त्या भूमीत अथेन्स, स्पार्टा, कोरिंथ, मिलेटस अशी शेकडो नगरराज्ये होती आणि त्यांची आपापसांत सतत भांडणे चालत. तरीही या भांडखोर लोकांची एक सवय पुढे जगाने उचलली. जे म्हणायचे ते चारचौघांत म्हणायचे, ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारू द्यायचा आणि त्यानंतरच निर्णय करायचा, अशी ती सवय होती.

अथेन्समध्ये इ.स.पू. ५०८च्या सुमारास क्लिस्थेनिस नावाच्या पुढाऱ्याने कारभाराची नवी घडी बसवली. तेव्हापासून युद्ध करावे की तह करावा, नवी जहाजे बांधावीत की नाहीत, हे नागरिकांच्या सभेत ठरू लागले. ही सभा पुढे प्निक्स नावाच्या टेकडीवर उघड्यावर भरत असे. न्यायालयात तर न्याय देणारेही सामान्य नागरिकच असत आणि एकेका खटल्याला त्यांची संख्या शेकड्यांत असे. कोणी वशिला लावू नये म्हणून त्यांची निवड चिठ्ठ्यांच्या तत्त्वावर होई. त्यासाठी पुढच्या काळात खाचा पाडलेली एक उभी दगडी पाटी वापरीत. प्रत्येकाचे नाव कोरलेली काशाची पट्टी एका खाचेत ठेवली जाई, बाजूच्या नळीतून काळ्या-पांढऱ्या गोट्या सोडल्या जात आणि गोटीच्या रंगावरून पट्ट्यांची अख्खी ओळ निवडली किंवा वगळली जाई. वक्त्यांचा वेळही मोजलेला असे. बुडाशी भोक असलेल्या मातीच्या भांड्यातले पाणी संपले की बोलणे थांबवावे लागे. उत्खननात सापडलेल्या अशा एका भांड्यात सुमारे साडेसहा लिटर पाणी मावते आणि ते सहा मिनिटांत गळून जाते. आपल्याकडच्या काही सभांना हे भांडे भेट द्यावे, असे मला अनेकदा वाटते.

एखादा पुढारी फारच शिरजोर झाला आहे असे लोकांना वाटले, तर त्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवण्याचीही सोय होती. फुटक्या मडक्याच्या खापरीवर त्या माणसाचे नाव कोरून लोक मत देत. अशा एका मतदानाच्या वेळी एका अडाणी खेडुताने शेजारच्या माणसाला आपल्या खापरीवर ‘अ‍ॅरिस्टायडीस’ असे लिहून द्यायला सांगितले, अशी एक गोष्ट प्लुटार्क हा ग्रीक लेखक सांगतो. तो शेजारी म्हणजे स्वतः अ‍ॅरिस्टायडीसच होता. त्याने तुझे काय वाईट केले, असे विचारल्यावर खेडूत म्हणाला, की काहीच नाही, पण जिकडेतिकडे त्याला ‘न्यायी’ म्हणतात ते ऐकून मी कंटाळलो आहे. अ‍ॅरिस्टायडीसने मुकाट्याने आपले नाव लिहून दिले. या मतदानातही लबाडी चालेच. अथेन्समधल्या अक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याचे नाव कोरलेल्या सुमारे १९० खापऱ्या सापडल्या, आणि अक्षर तपासले तेव्हा त्या सगळ्या जेमतेम चौदा जणांच्या हातच्या निघाल्या. विरोधकांनी त्या वाटण्यासाठी आधीच तयार करून ठेवल्या असाव्यात.

या चारचौघांमध्ये कोण बसत असे, हेही आपण विचारले पाहिजे. स्त्रियांना, बाहेरगावाहून येऊन राहिलेल्यांना आणि हजारो गुलामांना त्या सभेत जागा नव्हती. प्रश्न विचारून लोकांना भंडावून सोडणाऱ्या सॉक्रेटिसला इ.स.पू. ३९९मध्ये विषाचा प्याला देण्याची शिक्षाही अथेन्सच्या अशाच न्यायालयाने बहुमताने दिली.

ग्रीकांच्या खेळांतही हीच चुरस दिसते. ऑलिम्पिया येथील स्पर्धा परंपरेप्रमाणे इ.स.पू. ७७६मध्ये सुरू झाल्या आणि १८९६ साली अथेन्समध्ये त्या नव्या रूपात पुन्हा भरल्या. कुस्ती प्राचीन ऑलिम्पियातही होती, आणि आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले तेही कुस्तीतच.

ग्रीकांचा आपल्या प्रदेशाशी संबंध फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका सागरी व्यापाराच्या वृत्तांतात कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे आली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर काही खांब यवनांनी दान दिल्याचे ब्राह्मी लेख तेथे कोरलेले दिसतील. ग्रीकांना आणि पश्चिमेकडून आलेल्या इतर परदेशीयांना त्या काळी यवन म्हणत. त्यांची विद्या मात्र आपल्यापर्यंत आणखी लांबच्या वाटांनीही आली. युक्लिड या ग्रीक गणितज्ञाचा भूमितीचा ग्रंथ आधी अरबीत गेला आणि अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या दरबारी जगन्नाथ सम्राट यांनी तो अरबीतून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला.

त्याच भूमितीच्या बळावर एराटोस्थेनिसने पृथ्वी मोजली. इ.स.पू. तिसऱ्या शतकात तो इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेला सायीन, म्हणजे आजचे आस्वान, येथे वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सावलीच पडत नाही, हे त्याला ठाऊक होते. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते, आणि तिचा कोन पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग भरतो, असे त्याने मोजून पाहिले. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण दोन्ही गावांवर समांतरच येतात, तेव्हा हा फरक पृथ्वीच्या गोलाईमुळे पडला पाहिजे, असा तर्क त्याने केला. दोन गावांतले अंतर ५,००० स्टेडिया (स्टेडिया हे ग्रीकांचे लांबीचे माप) धरून त्याला पन्नासने गुणले की पृथ्वीचा घेर २,५०,००० स्टेडिया येतो. स्टेडियाच्या लांबीविषयी मतभेद असले, तरी हे उत्तर आजच्या सुमारे ४०,००० किलोमीटरपासून फार दूर जात नाही.

हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. कोल्हापूर आणि धुळे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावलीच पडत नाही. त्या दिवशी साडेबाराच्या आसपास धुळ्याच्या एखाद्या शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी अगदी सरळ उभी करा आणि सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा मोजा. ती सुमारे सात सेंटिमीटर भरेल. काठी आणि सावली प्रमाणात कागदावर काढून कोनमापकाने वरचा कोन मोजलात, तर तो चार अंशांहून थोडा अधिक येईल. दोन्ही गावांतले सरळ अंतर साधारण ४७० किलोमीटर आहे, त्यावरून पृथ्वीचा घेर काढा आणि आकडेमोड वर्गात फळ्यावर मांडून इतरांना चुका शोधू द्या. असा दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा येतो, पण तेव्हा पावसाळ्यामुळे सूर्य दिसण्याची खात्री नसते, म्हणून मे महिनाच बरा.