दहा रुपयांचं तिकीट

डिसेंबर लागला की मंत्रालयाच्या फायली नागपूरला येतात. हे बघा, सिव्हिल लाइन्समध्ये गठ्ठे उतरतायत. १९५३ च्या नागपूर करारात ठरलेली ही ये-जा. पण त्या फायलींत काय लिहिलंय ते बघायचं असेल, तर अधिवेशनाची वाट बघायची गरज नाही; माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज टाकायचा.

हे काकाजी. कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देतात. जोडपत्र ‘अ’, म्हणजे या अर्जाचा ठरलेला नमुना. विषय एकच, मजकूर १५० शब्दांत; हा महाराष्ट्राचा नियम. वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. “कारण लिहू नका भाऊ,” ते बजावतात. बरोबरच आहे, माहिती कशाला हवी हे विचारायला कायद्यानेच मनाई केलीय. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. हा आवकचा शिक्का पडला, की ३० दिवस सुरू.

(न्यूयॉर्क, संग्रहित दृश्यं)

२० सप्टेंबर २०११. ब्राझील, इंडोनेशिया, मेक्सिको, नॉर्वे, फिलिपिन्स, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन आणि अमेरिका. या आठ सरकारांनी ‘ओपन गव्हर्नमेंट पार्टनरशिप’ सुरू केली. सभासद देशाने नागरी संघटनांसोबत बसून कृती आराखडा ठरवायचा. अंदाजपत्रक खुलं करू, अधिकाऱ्यांची मालमत्ता जाहीर करू, असं लेखी द्यायचं. मग ते पाळलं का, हे सरकारबाहेरचे तपासनीस बघणार आणि अहवाल जाहीर करणार. आज सत्तरहून जास्त देश त्यात आहेत.

भारत नाही. सुरुवातीच्या तयारीत आपण होतो. स्वतंत्र तपासणीचा मुद्दा आडवा आला आणि आपण मागे सरलो, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. ज्या देशात राजस्थानातल्या मजुरांनी १९९६ मध्ये ब्यावरला धरणं धरून सरकारी कामांच्या हिशेबाच्या नकला मागितल्या, जिथे महाराष्ट्राने २००२ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला आणि २००५ मध्ये केंद्राचाही आला, त्याला तपासणीची एवढी धास्ती का?

(टेबलावर नकलांचा गठ्ठा)

पान २ रुपये. रस्त्याची मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराचं बिल, खाली सह्या. काकाजी बोट ठेवून एकेक आकडा वाचतात, शेजारचा बेरीज करतो. ही तपासणीच आहे, फक्त हिला न्यूयॉर्कची मान्यता नाही. त्या रस्त्यावर पुढे पुन्हा डांबर पडलं.

सगळ्यांनाच नकला मिळतात असं नाही. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, दुसरं राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. माहिती अधिकाऱ्याला मुदत ३० दिवसांची. उशीर केला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड. पहिल्या अपिलाला फार तर ४५ दिवस. आयोगाने निकाल कधी द्यायचा, याची मुदत मात्र कायद्यात लिहिलेलीच नाही. बाहेरचा तपासनीस आला असता, तर त्याने पहिलं बोट इथेच ठेवलं असतं.