कारखान्याच्या रांगेतली पोरं आणि गावाचा आरोग्य आराखडा

नमस्कार मंडळी, काय म्हणताय, बरं हाय न्हवं?

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही झोपेतनं उठवून विचारा, राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी किती, तो डोळे न उघडता सांगणार ३९ फूट, आणि धोका पातळी ४३. शाळेतल्या पोरालाही पाठ. २०१९ ला आणि परत २०२१ ला पंचगंगेनं जे दाखवलं त्यानंतर तर आपण सगळेच पाटबंधारे खात्यात नोकरीला लागल्यासारखं बोलतो. पण त्याच माणसाला विचारा, बाबा तुझ्या गल्लीत आत्ता नववा महिना लागलेल्या बाया किती, डायलिसिसला जाणारे किती, खाटेवरनं उठता येत नाही अशी म्हातारी माणसं किती, की झालं, गप्प. आणि पाणी चढल्यावर बोट आधी कुणाच्या दारात न्यायची ते ह्या यादीवरनंच ठरतं की ओ.

तर आजचा विषय गावाचा आरोग्य आराखडा. आराखडा म्हटलं की आपल्याकडं पहिली मागणी बिल्डिंगची. दवाखाना बांधा, फरशी बसवा, कमान करा. कमानीचं आपल्याला भारी वेड, आणि कमानीवर फोटो, आणि फोटोखाली शुभेच्छुक म्हणून चाळीस नावं, त्यातल्या एकानं तरी आपल्या पोराचं लसीचं कार्ड बघितलंय का विचारा. असो, भरकटलो. सांगायचं एवढंच की आराखडा म्हणजे बिल्डिंग नव्हं. आराखडा म्हणजे माणूस कुठं हाय आणि किती वाजता सापडतो. परत सांगतो, माणूस कुठं हाय आणि किती वाजता सापडतो.

सरकारी हिशोब तुम्हाला माहीत असंल. सपाटीवर ५,००० माणसांमागं एक उपकेंद्र, डोंगराळ भागात म्हणजे आपल्या गगनबावडा-शाहूवाडीकडं ३,००० मागं. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० मागं, डोंगरात २०,००० मागं. साधारण हजार माणसांमागं एक आशाताई. सगळं डोक्यांवर. पण ही डोकी कुठल्या महिन्यात मोजायची? जूनमधी मोजली तर एक आकडा आणि जानेवारीत मोजली तर दुसराच, कारण जानेवारीत आपल्या शिवारात ऊसतोडीची माणसं उतरलेली असतात. बीडकडची. नवराबायको मिळून एक कोयता, बरोबर पोरं, बैलं, आणि गावाबाहेर माळावर कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या.

आता ही गोष्ट सांगतोच, मला लई आवडती. करवीर तालुक्यातलं नदीकाठचं गाव, नाव राहू द्या. मी तिथं आरोग्यसेवक होतो. पोलिओचा रविवार झाला, बूथवर पोरं आली, थेंब पाजले, डाव्या करंगळीला शाई लावली, पुढचे दिवस घरोघरी फिरून दारावर खडूनं खुणा केल्या. सगळ्या पोरांना डोस मिळालेलं घर असंल तर पी, एखादं पोर राहिलं असंल तर एक्स. शेवटी गावात एकही एक्स उरला नाही. कागद एकदम झकास. सिस्टर खूश, मी खूश, सरपंचांनी सगळ्या टीमला मिसळ चारली.

दुसऱ्या दिवशी आमच्या आशाताईंच्या सासूबाईंच्या दारात माळावरची दोन पोरं आली ताक मागायला. ह्या सासूबाईंना सगळा गाव आत्ती म्हणतोय. आत्ती ताक द्यायच्याच कुणालाही, त्यांच्या म्हशीचं कौतुक झालं पायजे एवढीच अट. पोरांनी तांब्या धरायला हात पुढं केला आणि आत्तींची नजर करंगळीवर. शाई न्हाई. दुसऱ्याचा हात बघितला, त्याला पण न्हाई. झालं, आत्तींनी तिथनंच सुनेला हाक मारली, "अगं ये, तुझी शंभर टक्के पोरं मोजून झाली म्हणालीस न्हवं, मग ही काय आभाळातनं पडली का?"

आशाताई तशीच लसीचा डबा खांद्याला अडकवून माळावर. सकाळचे अकरा. कोप्या मोकळ्या. एक म्हातारी आणि दोन कोंबड्या. माणसं पहाटं चारलाच फडात गेलेली, पोरंबी संगं नेलेली. दुपारी गेली, तेच. आणि त्यात गंमत बघा, समजा आमची टीम आधी इथनं गेलीही असती तरी खूण करणार कशावर? कोपी पाचटाची, बांबूची, वर प्लास्टिकचा कागद. खडू उठतोय का त्याच्यावर? दार असलेल्या माणसासाठी केलेली पद्धत ती. ज्याला दारच न्हाई त्याचं घर पी पण न्हाई आणि एक्स पण न्हाई.

संध्याकाळी एक बाई भेटली, डोक्यावर वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा. आशाताईंनी जरा रागानंच विचारलं की तुम्ही घरी का थांबत न्हाई. ती बाई शांतपणे म्हणाली, "ताई, म्या पहाटं जाते, अंधार पडल्यावर येते. तुमीच सांगा, तुमी कवा येता?"

मंडळी, मी इतकी ट्रेनिंगं केली, जेवणं चांगली असायची त्यात वाद न्हाई, पण एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला न्हाई.

मग सापडतात कुठं ही सगळी एका जागी? रात्री, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. उसानं भरलेल्या टायरच्या बैलगाड्या वजनासाठी तासन् तास रांगेत उभ्या, कारभारी गाडीखाली पोतं टाकून आडवा, आणि बारकी पोरं गाडीतच उसावर झोपलेली. आमची टीम रात्री आठला तिथं. आशाताईच्या हातात बॅटरी, माझ्या खांद्याला डबा, त्यात बर्फाच्या चार पट्ट्या, लस थंड राहायला पायजे म्हणून. झोपेतल्या पोराचं तोंड उघडायचं, दोन थेंब, करंगळीला शाई. एक पोरगं थेंब गिळून परत झोपलं, त्याला कळलंबी न्हाई. खूण म्हणून आशाताईंनी गाडीच्या टायरवर खडूनं पी काढला, काळ्यावर पांढरा, काय दिसत होता! सकाळी चिखलात गाडी फिरली आणि पी गायब.

म्हणून मग दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर परत माळावर, आणि खूण केली पाण्याच्या बॅरेलवर, मार्कर पेननं. प्रत्येक कोपीसमोर एक निळा बॅरेल असतोय. आणि बॅरेलवर लिहिताना आशाताईंनी आत डोकावलं. पाणी गढूळ. विचारलं कुठलं, तर शेताच्या मोटरचं, थेट नदीचं. गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर पडती, ह्या बॅरेलात काय पडतंय? काय न्हाई. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, कुणी विसरलं असंल तर आठवा, पाण्यातनंच आली होती ती.

हा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा एकजण म्हणाला, त्यांचं मतदान इथं न्हाई, त्यांच्यावर खर्च कशाला. कोपऱ्यातनं आत्ती बोलल्या, "जुलाब लागल्यावर नदीच्या कडंलाच जातात ती, आणि तुझी जॅकवेल खालच्या अंगाला हाय." जॅकवेल म्हणजे नदीतनं गावाचं पाणी उपसायची विहीर. सभा दोन मिनिटं गार. आराखड्यात ओळ लिहिली गेली, नोव्हेंबर ते मार्च माळावरची लोकसंख्या वेगळी धरावी, टँकरनं टाकीचं पाणी द्यावं, लसीकरणाचं एक सत्र रात्रीचं ठेवावं.

आता स्टुडिओच्या काचेपलीकडनं हात दाखवायला लागलेत, वेळ संपत आली, गोष्टीनंच खाल्ली. तर पटापट सांगतो, ऐका. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतीला दिलेल्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिले होते, असा बांधून दिलेला पैसा पेव्हिंग ब्लॉकला वळवायचा न्हाई. पेव्हिंग ब्लॉकवर मला अजून पंधरा मिनिटं बोलता येईल पण नको. गावात आरोग्य आणि पोषणाची समिती असती, तिची शेवटची मीटिंग कधी झाली ते विचारा. पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन असला की पाणी पिवळं होतंय ती तपासणी, नळाच्या शेवटच्या घरी करायला सांगा, टाकीजवळ न्हाई. शेवटच्या घरी. टाकीजवळचं पाणी पिवळं होणारच की.

शहरातल्या मंडळींनो, तुम्ही हसू नका, तुमची पाळी. लॉफ्टवरच्या टाकीत आणि फ्रिजमागच्या ट्रेमधी डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतोय आणि तो दिवसा चावतोय, म्हणजे रात्रीची मच्छरदाणी एकटी पुरत न्हाई. आठवड्यातनं एकदा भांडी कोरडी करा. पेठेतली तालीम मंडळं गणपतीला घरोघरी पावती फाडायला जातातच, कुठल्या घरी कोण, किती वाजता सापडतो हे त्यांच्याइतकं महापालिकेलाही ठाऊक नसंल. त्याच वहीत एक रकाना वाढवा, टाकीला झाकण हाय का न्हाई.

आणि हो, येत्या ग्रामसभेची वेळ सकाळी अकराची लावली असंल तर आधी ती बदलून घ्या, त्या वेळंला सगळ्या बाया शेतात असतात. चला, नमस्कार.