रिकामी कबर आणि यरुशलेममधील साठ तास

श्रोतेहो, नमस्कार.

ख्रिस्ती श्रद्धेचा सर्वांत मोठा दिवस कोणता, असे विचारले तर बहुतेक लोक नाताळ असे उत्तर देतात. त्यात त्यांचा दोष नाही, कारण चांदणी, गोठा, केक आणि रोषणाई डोळ्यांना दिसते. पुनरुत्थानाचा दिवस, म्हणजे ईस्टर, तसा दिसत नाही. परंतु ख्रिस्ती मंडळीने आरंभापासून आपले सर्वस्व ज्या एका गोष्टीवर पणाला लावले ती गोष्ट अशी की, वधस्तंभावर मरण पावलेला आणि कबरेत ठेवलेला येशू तिसऱ्या दिवशी सदेह उठला. आरंभीच्या काळातील प्रचारक पौल याने इ. स. ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिले, त्यात तो स्पष्टच म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आहे आणि तुमचा विश्वासही व्यर्थ आहे. एखाद्या प्रचारकाने आपल्याच श्रद्धेला इतकी कठोर अट घालावी, आणि तीही ती श्रद्धा नुकतीच मूळ धरत असताना घालावी, याबद्दल मला पौलाविषयी फार आदर वाटतो.

येथे एक गोष्ट बोलून दाखवतो, कारण ती दर वर्षी मनाला लागते. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) दिवशी आमच्या घरी शुभेच्छांचे संदेश येतात. पाठवणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो, परंतु तो दिवस ख्रिस्ताच्या मरणाचा आणि आमच्या उपवासाचा असतो. शुभेच्छा द्यायच्या असतील तर ईस्टरच्या रविवारी द्याव्यात. त्या पहाटे आमच्यात एक जण म्हणतो, ‘ख्रिस्त उठला आहे’, आणि दुसरा उत्तर देतो, ‘खरोखर उठला आहे’. त्या दिवशी आपण आमच्या दारी आलात तर आम्हाला मनापासून आनंद होईल.

आता पुनरुत्थान म्हणजे काय नाही, ते थोडक्यात सांगतो. ते मेलेल्या माणसाचे काही काळापुरते पुन्हा जिवंत होणे नाही. येशूने लाजराला कबरेतून बाहेर बोलावले, परंतु लाजर पुढे केव्हातरी इतरांसारखाच मरण पावला. ते पुनर्जन्मही नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, माणूस जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो तसा देही जुनी शरीरे टाकून नवी धारण करतो, असे सांगितले आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून ते गेलेले असते. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार ग्रंथांपैकी एकात, मात्र वस्त्रे कबरेत पडून राहिली आहेत, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला आहे, आणि जे शरीर तेथे असायला हवे होते ते तेथे नाही. ज्या देहाला खिळे ठोकले तोच देह उठला, आणि त्यावर खिळ्यांच्या खुणाही राहिल्या, हा ख्रिस्ती श्रद्धेचा दावा आहे. पुन्हा सांगतो: तोच देह, त्याच खुणा.

या दाव्यामुळेच जागेला महत्त्व येते, आणि म्हणून मी आज तुम्हाला यरुशलेममध्ये नेणार आहे. मला अतिशय प्रिय असलेली ही हकीकत सांगताना वेळेचे भान राहत नाही, तेव्हा बाकीच्या गोष्टी थोड्या आखडत्या घ्याव्या लागतील.

यरुशलेमच्या जुन्या शहरात पवित्र कबरेचे मंदिर, म्हणजे चर्च आहे; येशूची मानली जाणारी कबर त्यात आहे. इ. स. १३५ नंतर सम्राट हेड्रियनने यरुशलेमच्या जागी नवे रोमन शहर वसवले, तेव्हा या जागेवर भराव टाकून मूर्तिपूजक देवालय उभारले गेले, असे चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस सांगतो. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२६ च्या सुमारास ते देवालय पाडण्याची आज्ञा दिली, भराव उपसला गेला, आणि खाली खडकात खोदलेली कबर सापडली. कारागिरांनी तिच्या सभोवतालचा डोंगर कापून काढला आणि कबरेचा तेवढा खडक मध्यभागी मोकळा उभा ठेवला. इ. स. ३३५ मध्ये तेथील मंदिराचे समर्पण झाले. पुढे १००९ मध्ये खलिफा अल-हाकिमच्या आज्ञेने ते मंदिर पाडण्यात आले आणि कबरेचा खडकही छिन्नी-हातोड्याने फोडण्यात आला. त्यानंतर पुन्हा बांधकाम झाले, १८०८ मध्ये मोठी आग लागली, १८१० मध्ये कबरेवरील छोटी वास्तू नव्याने उभी राहिली, १९२७ मध्ये भूकंपाने ती खिळखिळी झाली, आणि १९४७ मध्ये ब्रिटिशांनी तिला चारही बाजूंनी लोखंडी तुळयांचा आधार देऊन ठेवला. तो तात्पुरता आधार सुमारे सत्तर वर्षे तसाच राहिला.

इतकी वर्षे का राहिला, याचे कारण सांगताना मला दुःख होते. हे मंदिर सहा ख्रिस्ती परंपरांच्या सामायिक वहिवाटीत आहे: ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, इथिओपियन आणि सिरियन. कोणत्या कोपऱ्यात कोणी दिवा लावायचा आणि कोणती पायरी कोणी झाडायची, हे ठरलेले आहे, आणि सर्वांची संमती मिळाल्याशिवाय एक खिळाही हलवता येत नाही. दाराची किल्ली मात्र कित्येक शतकांपासून एका मुसलमान घराण्याकडे आहे आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे आहे. ज्यांचा या पुनरुत्थानावर विश्वास नाही त्यांनी त्याच्या दाराची राखण इतक्या निष्ठेने करावी, यासाठी आम्ही ख्रिस्ती लोकांनी त्या घराण्यांचे ऋणी राहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इ. स. २०१५ च्या आरंभी कबरेवरची वास्तू धोकादायक झाल्याचे सांगून इस्रायली पोलिसांनी ती काही तासांसाठी बंद केली, तेव्हा मात्र सर्वांचे डोळे उघडले. ग्रीक, कॅथलिक आणि आर्मेनियन या तीन प्रमुख परंपरांनी एकत्र येऊन दुरुस्तीला संमती दिली. जॉर्डनचे राजे अब्दुल्ला यांनीही देणगी दिली. अथेन्सच्या राष्ट्रीय तंत्रविद्यापीठातील प्राध्यापिका अँटोनिया मोरोपुलू यांच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये काम सुरू झाले. भिंतींच्या पोकळीत पातळ चुना भरून त्या घट्ट करायच्या होत्या, परंतु तो चुना झिरपत जाऊन प्रत्यक्ष कबरेत उतरला तर मोठीच आपत्ती ओढवली असती. त्यासाठी कबरेची शिळा उघडून आतली बाजू सुरक्षित करणे भाग होते. धर्मगुरूंनी या एकाच कामासाठी मुदत दिली: साठ तास. साठ तासांत उघडायचे, तपासायचे, संरक्षण करायचे आणि बंद करायचे.

हे लक्षात घ्या की त्या कबरेवरील संगमरवरी शिळा निदान १५५५ पासून तेथे होती. त्या वर्षी झालेल्या जीर्णोद्धारानंतर जगातील कोट्यवधी भाविकांनी त्या शिळेवर हात टेकले, कपाळ टेकले, अश्रू ढाळले. परंतु तिच्याखाली काय आहे हे त्यांपैकी कोणी पाहिले नव्हते. खाली काही उरले आहे का, हाच मुळात प्रश्न होता. १००९ मधील घाव इतके निर्दयपणे घातले गेले होते की मूळ खडक शिल्लक नसावा, असे अनेक अभ्यासकांना वाटत होते.

२६ ऑक्टोबर २०१६ रोजी ती शिळा सरकवली गेली. खाली काय दिसले? खाली दिसला धूळ आणि दगडगोट्यांचा भराव. संशोधक तो भराव हातांनी उपसू लागले. किती तरी वेळ नुसता भराव निघत राहिला. नंतर त्याखाली दुसरी शिळा लागली. तीही संगमरवरी, करड्या रंगाची, भंगलेली, आणि तिच्यावर एक क्रूस कोरलेला. ही शिळा कोणी ठेवली, केव्हा ठेवली, याची कोठेही स्पष्ट नोंद नव्हती. घड्याळ पुढे सरकत होते. अखेरच्या काही तासांत, २८ ऑक्टोबरच्या रात्री, त्या भंगलेल्या शिळेखाली चुनखडीच्या खडकात कोरलेला, मृतदेह ठेवण्याचा ओटा दिसला. तो शाबूत होता. पुन्हा सांगतो, तो शाबूत होता. हातोडे आले आणि गेले, आगी लागल्या, भूकंप झाले, आणि तो ओटा आपल्या जागी तसाच होता.

त्यानंतर ठरल्याप्रमाणे शिळा पूर्ववत बसवली गेली. आतील भिंतीच्या संगमरवरात मात्र एक छोटी चौकोनी खिडकी मुद्दाम कापून ठेवण्यात आली, जेणेकरून कबरेत येणाऱ्या भाविकाला त्या गुहेचा मूळ खडक पाहता यावा. २२ मार्च २०१७ रोजी, लोखंडी तुळयांच्या जोखडातून मुक्त झालेली ती वास्तू भाविकांसाठी समारंभपूर्वक खुली झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरी हकीकत पुढे आली. ती करडी शिळा आणि खालचा खडक यांच्या मध्ये जो चुना होता, त्यातील कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला असावा हे प्रयोगशाळेत मोजण्यात आले, आणि उत्तर आले इ. स. ३४५ च्या आसपासचे. अभ्यासकांच्या हाती तोपर्यंत असलेला भौतिक पुरावा साधारण हजार वर्षांपूर्वीपर्यंतच जात होता. तो एकदम कॉन्स्टंटाइनच्या काळाशी जाऊन भिडला.

यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चौथ्या शतकातील ख्रिस्ती लोक ज्या कबरेला येशूची कबर मानत होते, तीच ही कबर आहे, हे आता बरेच पक्के झाले आहे. त्याच मंदिराच्या आवारात पहिल्या शतकाच्या धाटणीच्या आणखीही खोदीव कबरी आहेत, म्हणजे येशूच्या काळी ही जागा तटाबाहेरचे दफनस्थान होती, हेही पटते. अलीकडे मंदिराच्या फरशीखाली झालेल्या उत्खननात ऑलिव्ह आणि द्राक्षवेलींचे अवशेष मिळाले, आणि त्या जागी एक बाग होती असे जे योहान लिहितो, त्याची आठवण अनेकांना झाली. परंतु त्या ओट्यावर ठेवलेला देह उठला की नाही, हे कोणताही चुना आणि कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ज्यांना तेथे पुरावा हवा असतो ते निराश होऊन परततात, आणि माझ्या मते ती निराशा शुभवर्तमानांना नवीन नाही.

कारण शुभवर्तमाने नीट वाचली, आणि शक्य तर मोठ्याने वाचली, तर एक गोष्ट कानांना लगेच जाणवते: रिकामी कबर पाहून जवळजवळ कोणाचाच विश्वास बसला नाही. योहान सांगतो की येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याच्याबरोबर धावत आलेल्या शिष्याने पाहिले आणि विश्वास ठेवला. तो एक अपवाद. बाकी सर्वांना रिकाम्या कबरेने गोंधळात टाकले. येशूची अनुयायी मग्दालीया मरीया हिला वाटले की कोणी प्रभूला उचलून नेले. ती कबरेबाहेर रडत उभी राहिली, समोर उभ्या असलेल्या येशूला तिने माळी समजले, आणि तुम्ही त्याला नेले असेल तर कोठे ठेवले ते सांगा, मी त्याला घेऊन जाईन, असे ती म्हणाली. एक स्त्री एकटीने तो देह कशी उचलणार होती, याचा तिने विचारही केला नाही. मग येशूने तिला नावाने हाक मारली, ‘मरीये’, आणि तिने ओळखले. विरोधकांनाही कबर रिकामी असण्याचे कोडे पडले होते. मत्तय लिहितो की शिष्यांनी रात्री येऊन देह चोरला, अशी वार्ता यहूद्यांमध्ये पसरली होती. रिकामी कबर प्रश्न उभा करते. उत्तर मिळते ते भेटीतून. म्हणूनच पौल त्या पत्रात कोणाकोणाला येशू दिसला त्यांची यादी देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण (येशूचे निवडक शिष्य), एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित, आणि अखेरीस आपण स्वतः. त्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, असेही तो मुद्दाम नमूद करतो.

रिकामी कबर प्रथम पाहणाऱ्या स्त्रियांची नावे त्या यादीत नाहीत, आणि ही उणीव मला खटकत आली आहे. त्या काळी स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये असे योसीफस हा यहूदी इतिहासकार लिहितो, आणि दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या टीकाकाराने एका भ्रमिष्ट बाईने पाहिले म्हणून या श्रद्धेची थट्टाही केली. कथा रचायची असती तर रचणाऱ्यांनी पहिल्या साक्षीदार म्हणून स्त्रियांना पुढे केले नसते, हा युक्तिवाद पुष्कळांनी केला आहे आणि मला तो वजनदार वाटतो. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर शुभवर्तमान संपते ते याच स्त्रियांपाशी: त्या कबरेतून पळाल्या, त्यांचा थरकाप उडाला होता, आणि भीतीमुळे त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. परंतु ही वार्ता पेत्रापर्यंत पोहोचली, यरुशलेमभर पोहोचली, आणि आज आपल्यापर्यंत पोहोचली आहे, त्या अर्थी त्या स्त्रिया बोलल्या. त्या स्त्रिया कोण कोण होत्या याविषयी चारही शुभवर्तमानांत थोडाफार फरक आहे. मग्दालीया मरीयेचे नाव मात्र चारही ठिकाणी आहे.

नमस्कार.