लोड नसतानाही मोटर का तापते?

(मोटर हातात, कॅमेऱ्याजवळ धरून)

ही ब्रशलेस मोटर मी घरी बनवली. आत जागेवर स्थिर असलेला स्टेटर, त्यावर तार गुंडाळलेले बारा दात; बाहेर फिरणाऱ्या रोटरवर चौदा चुंबकं. शाफ्टवर ना पंखा, ना पुली. नुसती फिरवली, तर चार मिनिटांत बोट टेकवेना. मनात आलं, तार बारीक पडली. सगळं वाइंडिंग उकललं, जाड तार भरली, दोन संध्याकाळी घातल्या त्यात. पुन्हा तितकीच गरम!

तार बिचारी निर्दोष होती.

तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. दोन टोकांमधला रोध 0.2 ओहम धरा. 10 अँपिअरला 20 वॉट, 20 अँपिअरला थेट 80. पण लोडच नाही, तर करंट तरी कितीसा? तेवढ्याने मोटर भाजत नाही.

आता हे दात बघा. (दात दाखवत) सरळ लोखंडी बोल्ट कापून लावलेत. समोरून एक उत्तर ध्रुव जातो, मग दक्षिण; बोल्टमधलं चुंबकीय क्षेत्र सारखं उलटतं. लोखंडातून वीज वाहते, त्यामुळे त्याच्या पोटातच करंटचे भोवरे फिरू लागतात. हेच एडी करंट. चौदा चुंबकं म्हणजे ध्रुवांच्या सात जोड्या. मिनिटाला 3000 फेरे, म्हणजे सेकंदाला 50. गुणिले सात, 350 हर्ट्झ! आणि ही हानी फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने वाढते, लोखंडाच्या जाडीच्याही वर्गाने. म्हणून तयार मोटरमध्ये 0.35 किंवा 0.2 मिलिमीटरच्या सिलिकॉन स्टीलच्या पत्र्या असतात, प्रत्येकीवर इन्सुलेशनचा थर. मी तिथे अख्खा बोल्ट ठोकला होता. (जाता जाता: पत्र्यांचा गठ्ठा कानशीने घासून चकचकीत करू नका. कडांचा कीस पत्र्यांना एकमेकींशी जोडतो आणि पुन्हा तोच घोटाळा.)

हिस्टेरेसिसची हानी, म्हणजे लोखंडाचं चुंबकत्व सारखं उलटवताना वाया जाणारी ऊर्जा, वेगळी; तीही गाभ्यातलीच, म्हणजे दातांच्या लोखंडातली. आज तिच्यात शिरत नाही.

वाइंडिंग उकलायच्या आधी एवढं करा. तिन्ही वायरी कंट्रोलरमधून काढून सुट्या ठेवा, एकमेकींना टेकू देऊ नका. शाफ्ट ड्रिलमध्ये पकडा आणि फिरवा. माझं वाइंडिंग स्टार जोडणीचं आहे, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक आत एकत्र जोडलेलं. बाहेरची टोकं सुटी, म्हणजे तांब्यात करंटच नाही. तरीही स्टेटर तापला, तर दोष गाभ्यात, बेअरिंगमध्ये, नाहीतर आतल्या आत शॉर्ट झालेल्या एखाद्या वेढ्यात. हाताने हळू फिरवताना लागणारे खटके यात धरू नका. ते चुंबकाचं दाताला चिकटणं. वेग वाढेल तशी वाढणारी ओढ, ती खरी.

तांब्याचा रोध मोजायचा, तर मल्टिमीटरचा ओहम मोड इथे फसवतो, कारण त्याच्या वायरींचाच रोध जवळपास तेवढा असतो. पॉवर सप्लायवरून 2 अँपिअर सोडा आणि मोटरच्या टोकांवर व्होल्टेज बघा. 0.4 व्होल्ट आलं, तर रोध 0.2 ओहम.

तापलं तर तापलं, असं म्हणू नका. साध्या ग्रेडची नियोडिमियम चुंबकं 80 अंशांपर्यंतचीच. त्यापुढे ती कायमची कमजोर होऊ शकतात. मग तेवढ्याच टॉर्कला, म्हणजे फिरवण्याच्या जोराला, जास्त करंट लागतो आणि आता तांबंही तापायला लागतं.

ही दुसरी मोटर. भंगारातल्या मोटरचा पत्र्यांचा स्टेटर, त्यावर माझी ती जुनी, बारीक तार. ड्रिल लावतो.

(पाच मिनिटांनंतर, स्टेटरवर बोट ठेवून)

कोमट.