खिशातल्या चाकूचं पातं का मोडतं?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते खिशातल्या घडीच्या चाकूबद्दल. चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याच्या खिशात तो असतो, खानापूरच्या काजूच्या बागेत असतो, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फिटरकडेही असतो. खताच्या पोत्याची शिवण उसवायची, ठिबकची नळी कापायची, बांधावर बसून ऊस सोलायचा. आणि एक दिवस पातं कट्दिशी मोडतं. लगेच आपण म्हणतो, लोखंड हलकं निघालं.

कधीकधी ते खरंही असतं. पण माझं ठाम मत असं, की बहुतेक पाती कापताना मोडत नाहीत, पिळताना मोडतात. उसाच्या कांड्यात पातं रुतवायचं आणि मनगट फिरवून कांडं फोडायचं, ही आपल्या सगळ्यांची सवय. विजेच्या मोटारीच्या स्टार्टरचा स्क्रू चाकूच्या टोकानं फिरवणारेही आहेत. त्यात पात्यापेक्षा जिवाला धोका जास्त, ते आधी सोडा. पातं उभ्या दाबाला दणकट असतं, आडव्या जोराला नाही. जाडी निम्मी झाली, की तेवढ्याच आडव्या जोराला ताण चौपट होतो. टोक तर सगळ्यात पातळ, म्हणून आधी तेच जातं.

आता पोलादाकडे येऊ. पातं लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं, की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात. साध्या कार्बन पोलादाला साधारण 200 अंशांच्या आसपास. ही दुसरी आच चुकवली, तर धार झकास लागते आणि पातं पहिल्याच हिसक्याला जातं. स्वित्झर्लंडचे व्हिक्टोरिनॉक्सचे चाकू जगभर चालतात. त्यांच्या पात्याचा कडकपणा रॉकवेल मापानं 56 च्या आसपास ठेवलेला असतो. पोलाद 60 च्या वर नेता येत नाही असं नाही. पण खिशातल्या चाकूला थोडं वाकणं सोसलं पाहिजे, म्हणून तो मुद्दाम तेवढाच ठेवतात.

चाकू मोडलाच, तर तुकडा उन्हात धरून मोडलेली कड नीट बघा. सगळी कड साखरेच्या दाण्यांसारखी भरड चमकत असेल, तर पातं तापवताना जास्त तापलं होतं. तो बनवणाऱ्याचा दोष. कडेला काळपट, गंजलेली पट्टी आणि बाकी भाग लखलखीत, असं दिसलं तर चीर जुनी होती, आज फक्त उरलेलं तुटलं. अशी चीर बहुधा नख अडकवायच्या खाचेपाशी, गंजाच्या खळग्यात नाहीतर मुळाशी खिळीच्या भोकाजवळ सुरू होते.

म्हणून गंजाकडे दुर्लक्ष करू नका. कैरी, लिंबू, चिंच कापली की पातं धुवा, कोरडं पुसा. खानापूरच्या पावसात स्टेनलेस पात्यालाही डाग पडतात. ओला चाकू मिटून खिशात टाकू नका, खिळीवर तेलाचा एक थेंब सोडा. खिळ सैल झाली असेल तर ती आधी घट्ट करून घ्या. डुगडुगणारं पातं कापताना आपोआप तिरकं होतं.

नुसतं टोक गेलं असेल तर चाकू टाकायची गरज नाही. नवं टोक काढताना धारेकडून नव्हे, पाठीकडून घासा. धारेकडून घासलंत, तर चाकू मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावेल आणि मांडीत रुतेल. इलेक्ट्रिक सहाणेवर धरलंत तर क्षणाक्षणाला पाण्यात बुडवा. पातं निळं पडलं म्हणजे साधारण 300 अंशांपर्यंत तापलं. साध्या पोलादाचा कडकपणा तिथे उतरला, आता धार टिकणार नाही.

पण चीर मुळाशी असेल, तर कृपा करून वेल्डिंग करून घेऊ नका. त्या आचेनं आजूबाजूचं पोलाद कुठे मऊ, कुठे ठिसूळ होतं. पातं पुन्हा तिथेच मोडतं, आणि तेव्हा बोटं अगदी जवळ असतात. तो चाकू जाड कागदात गुंडाळा, वर दोरा बांधा आणि भंगारवाल्याला आत काय आहे ते सांगून द्या.